गावचा पूर आराखडा फाइलमधून गल्लीत कसा आणायचा?

वाडीकर_सदस्या (शिरोळ तालुका):
ग्रामपंचायतीत नवीनच निवडून आले आहे. आपत्ती आराखडा मागितला तर कपाटातून फाइल निघाली. त्यातले निम्मे फोन बंद, आणि निवारा म्हणून दाखवलेली शाळा 2019 ला स्वतःच पाण्यात होती. ग्रामसभेला नेहमीचीच डोकी येतात. लोकांना यात घ्यायचं तरी कसं?

पंचगंगाकाठ (करवीर):
ताई, मी गावच्या दूध संस्थेत सचिव आहे. ग्रामसभेचा नाद सोडा, दूध संकलनाला उभ्या राहा. दोन्ही वेळेला घरटी कुणी ना कुणी किटली घेऊन येतंच, त्यात बायका जास्त. आमची यादी तिथंच झाली: कुणाच्या दावणीला किती जनावरं, ट्रॉली कुणाकडं, अंथरुणाला खिळलेलं कोण, कुणाचे दिवस भरत आलेत.

यादीत जनावरं पहिली, कारण माणूस अडतो तो म्हशीपायी. बायकामुलं पाहुण्यांकडं जातात, कारभारी गोठ्यात थांबतो आणि मग छातीभर पाण्यातून त्याला काढायला बोट लागते. आम्ही जनावरं आधी माळावर नेतो, वैरणीची सोय तिथं ठरलेली असते. मालक आपसूक मागनं येतो.

दुसरं, पाण्याच्या पातळीचे फूट. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43, हे पोराटोरांना पाठ आहे. पण माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार? म्हाताऱ्यांना घेऊन गल्लोगल्ली फिरलो, 2005, 2019, 2021 च्या खुणा भिंतींवर रंगवल्या आणि शेजारी लिहिलं, बंधाऱ्याला किती फूट झालं की इथं पाणी येतं. आता राधानगरी धरणाचं स्वयंचलित दार उघडल्याची बातमी आली की लोक आपापली भिंत बघून आवराआवर करतात. तुमच्याकडं कृष्णेचा फुगवटाही असतो, म्हणजे कृष्णा भरली की पंचगंगेचं पाणी मागं तुंबतं, त्यामुळं आमचे आकडे उचलू नका.

वाडीकर_सदस्या:
दादा, आमची दूध संस्था विरोधी गटाची आहे. मला उभं करतील का तिथं?

पंचगंगाकाठ:
मग सासूबाईंना किटली घेऊन पाठवा की!

बचतगटवाली (मिरज):
निवाऱ्याची जागा बायकांना दाखवूनच नक्की करा. आमच्याकडे पुरुषांनी हॉल पसंत केला, तर संडास मैदानाच्या टोकाला आणि रात्री उजेड नाही. आम्ही बायका संध्याकाळनंतर पाणीच प्यायचो नाही.

काठावरचा (पलूस):
बोट आली म्हणजे सुटलो असं नाही. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली आणि बोट उलटली. बोटीत किती बसवायचे आणि पुढच्याला 'थांब' कोण म्हणणार, हे जूनमध्येच ठरवा. भावकीतला माणूस उभा केला तर त्याला कुणी जुमानत नाही. आमच्या घाटावर शेजारच्या गावचा पोरगा उभा राहतो, त्यांच्या घाटावर आमचा.