निकॉन डी९० बदलावा का? डी७२०० आणि डी७५०० यांच्यात निर्णय होत नाही

भीमाकाठ:

नमस्कार. माझ्याकडे २००९ साली घेतलेला निकॉन डी९० आहे आणि आजवर त्याच्यावर सुमारे ६८ हजार छायाचित्रे काढून झाली आहेत. कॅमेरा एकदाही बंद पडलेला नाही, त्यामुळे तो बदलण्याचा विचार मनात आला की थोडे अपराधी वाटते. दर हिवाळ्यात मी भिगवणजवळच्या कुंभारगावला जाते आणि पहाटेच्या नावेतून उजनीच्या जलाशयावर फिरत रोहित, चक्रवाक, पट्टकादंब यांची छायाचित्रे काढते. पाण्यात उभ्या असलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे आजही समाधानकारक येतात. नदी सुरय मात्र मासा टिपायला खाली झेपावला की माझ्या हाती काही लागत नाही. कधी मागचे पाणी स्पष्ट येते आणि पक्षी धूसर, तर कधी फोकस जुळेपर्यंत पक्षी पुन्हा वर गेलेला असतो. सूर्य वर येण्याआधीच्या अर्ध्या तासात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० च्या पुढे गेला की पिसांचा पोतही नाहीसा होतो.

माझ्याकडे तीन लेन्स आहेत. एक कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-१०५, दुसरी सेकंडहँड घेतलेली जुनी एएफ ३०० एमएम एफ/४, जिचा फोकस कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालतो, आणि तिसरी वडिलांची १०५ एमएम एफ/२.५, जी ते त्यांच्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावर वापरत असत. ही तिसरी लेन्स डी९० वर बसते, पण उजेड मोजणारे मीटर चालत नाही, म्हणून ती बहुतेक वेळ कपाटातच असते. या वर्षी एकच खरेदी शक्य आहे. ती बॉडीची (लेन्सशिवाय नुसत्या कॅमेऱ्याची) करावी की लेन्सची, आणि बॉडीच घ्यायची तर जुना डी७२०० घ्यावा की त्याच्या नंतरचा डी७५००, याबद्दल ज्यांनी हे कॅमेरे प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

तिपाई:

मी डी९० सहा वर्षे वापरला आणि त्यानंतर डी७२०० घेतला, म्हणून या दोघांतल्या फरकाबद्दल खात्रीने लिहू शकतो.

डी९० ऑगस्ट २००८ मध्ये आला, डी७२०० मार्च २०१५ मध्ये. पहिल्याचे चित्र ४२८८ गुणिले २८४८ बिंदूंचे (पिक्सेलचे) असते, दुसऱ्याचे ६००० गुणिले ४००० बिंदूंचे. दोघांच्या सेन्सरचा आकार जवळपास सारखाच असल्यामुळे तुमच्या ३०० एमएम लेन्समधून दोन्हींत दृश्य तेवढेच येईल, परंतु ज्या सुरयाने डी९० च्या चित्रात रुंदीचे ५०० बिंदू व्यापले असतील, तोच सुरय त्याच अंतरावरून डी७२०० मध्ये ७०० बिंदू व्यापेल. नाव पक्ष्याच्या आणखी जवळ नेता येत नाही आणि नेऊही नये, म्हणून पक्ष्यांच्या छायाचित्रणात हा फरक मी फार मोठा मानतो. त्याची एक बाजू अशी की हाताचा कंपही तेवढाच मोठा होऊन दिसतो. डी९० वर मला शटर उघडे राहायला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरत असे. डी७२०० वर त्याच लेन्ससाठी मी हजारावा भाग ठेवू लागलो.

अंधाऱ्या भागांबद्दल एक उदाहरण देतो. भिगवणलाच नावेच्या ओल्या, काळ्या लाकडावर बसलेला पाणकावळा मी दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपला होता. डी९० च्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये पक्ष्याचा खालचा भाग एकसंध काळा गोळा होता, आणि संगणकावर तो दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) उजळ करताच जांभळट ठिपके वर आले. डी७२०० च्या फाइलमध्ये तेवढाच उजाळा दिल्यावर पंखांवरच्या पिसांच्या कडा एकेक करून सुट्या झाल्या, खवल्यांसारख्या. डी९० ची रॉ फाइल १२ बिटची असते आणि त्याचा मूळ आयएसओ २०० पासून सुरू होतो. डी७२०० मध्ये १४ बिट आणि आयएसओ १०० मिळतो, शिवाय बारीक तपशील किंचित पुसट करणारा सेन्सरपुढचा लो-पास फिल्टरही काढलेला आहे. माझ्या अनुभवात १२ गुणिले १८ इंचांच्या छापील प्रतीवर डी९० चा आयएसओ १६०० आणि डी७२०० चा ३२०० जवळजवळ सारखे दिसतात. म्हणजे फायदा साधारण एका स्टॉपचा आहे. त्याहून मोठ्या चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

आणखी एक गोष्ट, जी कोष्टकात वाचताना क्षुल्लक वाटते. डी९० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा ९६ टक्के भागच दिसतो, आणि तोही उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी, त्यामुळे कडेला न दिसलेली बाभळीची काडी घरी आल्यावर चित्रात सापडते. डी७२०० मध्ये पूर्ण चौकट दिसते.

असे असूनही माझा सल्ला आधी लेन्स घेण्याचा आहे. २००-५०० एमएम एफ/५.६ घ्या, ती डी९० वर लावा, आणि बॉडी पुढच्या वर्षी बदला. ३०० वरून ५०० वर जाण्याने पक्षी जेवढा जवळ येतो, तेवढा कोणत्याही नव्या सेन्सरने येत नाही.

जुनीकाच:

तिपाई यांच्या पहिल्या तीन परिच्छेदांशी मी पूर्ण सहमत आहे, पण शेवटचा सल्ला या प्रश्नकर्तीच्या बाबतीत चालणार नाही, आणि पैसे खर्च होण्याआधी ते स्पष्ट होणे आवश्यक आहे. निकॉनची २००-५०० ही लेन्स ‘ई’ प्रकारची आहे. तिचे अपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) लेन्समधल्या विद्युतचुंबकीय यंत्रणेने उघडते आणि मिटते, तर डी९० ला ते माउंटमधल्या (लेन्स जिथे बसते तिथल्या) लहानशा दांड्याने यांत्रिक पद्धतीने हलवणेच ठाऊक आहे. त्यामुळे ही लेन्स डी९० वर बसली तरी अपर्चर कॅमेऱ्याच्या ताब्यात राहत नाही आणि ते सताड उघडेच राहते. एएफ-पी मालिकेतल्या लेन्सनाही डी९० चालत नाही. जुन्या बॉडीची खरी मर्यादा इथे लागते: सेन्सर अजून उत्तम काम देतो, पण नव्या लेन्सशी तिचे बोलणे होत नाही. म्हणून आधी बॉडी, मग लेन्स, हाच क्रम योग्य आहे.

आता डी७२०० की डी७५००, याबद्दल. नंतर आलेला कॅमेरा सगळ्याच बाबतीत पुढे असतो असे आपण गृहीत धरतो, पण २०१७ च्या डी७५०० मध्ये कंपनीने आधीच्या कॅमेऱ्यातल्या काही सोयी काढून घेतल्या. डी७२०० मध्ये एसडी कार्डाचे दोन खाचे आहेत, डी७५०० मध्ये एकच. उभ्या पकडीची जोड-बॅटरी डी७२०० ला लागते, डी७५०० साठी कंपनीने ती काढलीच नाही. आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डी७२०० च्या माउंटभोवती एक फिरते कडे आहे, त्याच्या बारीक खुंटीला जुन्या एआय प्रकारच्या लेन्सची अपर्चर रिंग ढकलते आणि कॅमेऱ्याला अपर्चर कळते. मेनूमध्ये १०५ आणि २.५ हे आकडे एकदा भरून ठेवले की तुमच्या वडिलांच्या लेन्सवर मीटर चालेल, ए मोडही (अपर्चर आपण ठरवायचे, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो) चालेल. डी७५०० मध्ये ते कडे नाही. तिथे ती लेन्स डी९० सारखीच मीटरविना, केवळ एम (सर्व काही हाताने ठरवण्याच्या) मोडमध्ये वापरावी लागेल.

ती लेन्स १९७७ च्या आधीची, एआय नसलेली असेल तर ती डी७२०० वर बसवू नये, कारण तिच्या रिंगने ती खुंटी मोडू शकते. मात्र वडील ती एफएम२ वर वापरत होते म्हणजे ती एआय असणार किंवा तशी करून घेतलेली असणार, कारण एफएम२ वरही मूळ स्वरूपातली जुनी लेन्स बसवता येत नाही. खात्रीसाठी रिंगवर पाहा. एआय लेन्सवर अपर्चरचे मोठे आकडे असतात आणि माउंटच्या बाजूला त्याच आकड्यांची दुसरी, बारीक ओळ असते.

दोन खाच्यांबद्दल मी एवढ्या आग्रहाने लिहितो, कारण एका सकाळी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर धाविक पक्ष्याचे पिल्लू चालताना टिपले आणि घरी येईपर्यंत कार्ड वाचता येईनासे झाले. त्या कार्डाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यानंतर मी दोन्ही खाच्यांत कार्ड घालतो आणि प्रत्येक फाइल दोन ठिकाणी लिहून घेतो.

नदीसुरय:

मी डी७५०० वापरतो. जुनीकाच यांनी लिहिलेल्या तिन्ही उणिवा खऱ्या आहेत, पण प्रश्न झेपावणाऱ्या पक्ष्याचा आहे, आणि तिथे हा कॅमेरा पुढे आहे. सुरयाची बुडी जेमतेम एक-दीड सेकंदाची असते. डी९० सेकंदाला साडेचार चौकटी काढतो, डी७२०० सहा आणि डी७५०० आठ. चोच पाण्याला टेकल्याचा नेमका क्षण मिळण्यासाठी हा फरक जाणवतो. डी७२०० १४ बिट रॉ सलग सुमारे १८ घेतो आणि मग अडखळतो, डी७५०० पन्नासपर्यंत जातो. फोकसचे बिंदू दोघांत सारखेच ५१ आहेत, त्यांपैकी मधले १५ क्रॉस प्रकारचे, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस जुळवणारे. तुमच्या डी९० मध्ये एकूण ११ आहेत आणि क्रॉस फक्त मधला एक. मात्र डी७५०० मध्ये बिंदूंचा गट एकत्र वापरण्याची जी सोय आहे, ती डी७२०० मध्ये नाही, आणि निळ्या आकाशासमोर उडणारा पक्षी पकडून ठेवायला ती मला फार उपयोगी पडते. शिवाय मागचा पडदा वर उचलता येतो, त्यामुळे नावेच्या काठावर पोटावर न झोपताही कॅमेरा पाण्यालगत धरता येतो. चित्राच्या बिंदूंची (पिक्सेलची) संख्या डी७२०० पेक्षा थोडी कमी आहे, रुंदीला ५५६८, पण छापील प्रतीवर मला तो फरक दिसलेला नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. तुमची ३०० एफ/४ ही कॅमेऱ्यातल्या मोटरच्या स्क्रूवर फिरणारी लेन्स आहे आणि तिचा वेग कोणत्याही बॉडीवर एका मर्यादेपलीकडे वाढणार नाही. बॉडी कोणतीही घ्या, एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑनचे, म्हणजे फोकस सुरू करण्याचे, काम द्या, शटरच्या बटणावरून फोकस काढून टाका, आणि सुरय ज्या पट्ट्यात वारंवार बुडी मारतो तेवढ्या अंतरावर लेन्स आधीच आणून ठेवा. मग लेन्सला या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावे लागत नाही. ही सवय डी९० वरही लागेल, आजच लागेल. कोणी मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घेण्यास सुचवले तर हेही ध्यानात असू द्या की त्यावर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे ही ३०० एमएम तिथे हातानेच फोकस करावी लागेल.

भीमाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. २००-५०० बद्दलची सूचना वेळेवर मिळाली नसती तर मी ती लेन्स घेऊन बसले असते.

गेल्या रविवारी एका मैत्रिणीचा डी७२०० मागून घेतला आणि दोन्ही कॅमेरे घेऊन नावेत बसले. आधी डी९० वरच बटणाची नवी मांडणी करून पाहिली. फोकस आधी आणून ठेवल्यामुळे एका बुडीतला एक फोटो, पंख मागे दुमडलेले आणि चोच पाण्याच्या वर वीतभर, पहिल्यांदाच पूर्ण स्पष्ट मिळाला. चौदा वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते याचे वाईट वाटले. नंतर तीच लेन्स डी७२०० वर लावली, तेव्हा एका बुडीत सलग तीन चौकटी स्पष्ट आल्या आणि तिसरीत पाण्याचा उडालेला थेंबही सुटा दिसतो. सूर्य यायच्या आधीचे आयएसओ ३२०० चे रोहितांचे फोटो मला छापण्याजोगे वाटले.

वडिलांच्या लेन्सवर आकड्यांची बारीक ओळ आहे. मेनूत १०५ आणि २.५ भरले, एफ/४ वर रिंग फिरवली आणि कॅमेऱ्याच्या वरच्या पडद्यावर ४ हा आकडा आला. किनाऱ्यावर परतल्यावर नावाड्याच्या आजोबांचा फोटो त्याच लेन्सने काढला. उजेड अचूक आला, मात्र एफ/२.५ वर काढलेल्या फोटोत फोकस डोळ्यांऐवजी कानावर गेला आहे, आणि फोकस जुळल्याचे सांगणारा व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका तर लागलेला होता. यात माझे काय चुकते? डी७२०० घ्यायचे मी ठरवले आहे. सेकंडहँड घेताना काय पाहावे तेही कळवावे.

जुनीकाच:

आपले काही चुकत नाही. तो हिरवा ठिपका एका लहानशा पट्ट्यात फोकस कुठेही असला तरी लागतो, आणि एफ/२.५ वर जवळच्या चेहऱ्यात तो पट्टा डोळ्यापासून कानापर्यंत सहज पोहोचतो. एफएम२ च्या काचेत मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा जुळवून पाहता येत असे, ती सोय आजच्या काचेत नाही. म्हणून माणूस स्थिर बसलेला असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) डोळा मोठा करून फोकस करा. ते शक्य नसेल तर रिंग नेहमी एकाच दिशेने फिरवत आणा, ठिपका लागताच थांबा, आणि तिथून केसभर पुढे सरकवत तीन-चार चौकटी घ्या. दोन-तीन दिवसांत आपल्या बॉडीवर ठिपक्याच्या कोणत्या बाजूला अचूक फोकस मिळतो, ते हाताला कळते.

सेकंडहँड बॉडीवर सर्वांत आधी आपल्या दोन्ही जुन्या लेन्स लावून पाहा. ३०० एमएम वर फोकसची मोटर अडखळता कामा नये, आणि १०५ ची रिंग एकेक घर फिरवली की पडद्यावरचा आकडाही त्याबरोबर बदलला पाहिजे. दोन्ही खाच्यांत कार्ड घालून दोन्हींवर फाइल लिहिली जाते का ते तपासा. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहा. धुळीचे डाग निघतात, पण साफ करूनही तेच डाग त्याच जागी राहत असतील तर ती बॉडी घेऊ नका. नुकत्याच काढलेल्या मूळ फाइलमधून शटर काउंट (शटर किती वेळा चालले तो आकडा) वाचता येतो. डी७२०० चे शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेले असते, म्हणून चाळीस-पन्नास हजारांवरची, कोरड्या जागी ठेवलेली बॉडी मिळाली तर निःशंकपणे घ्या. आणि डी९० विकू नका. त्याच्यावर १८-१०५ लावून ठेवा, म्हणजे पाण्यावर वारा सुटलेला असताना नावेत लेन्स बदलावी लागणार नाही.