मदत हवी आहे : शेजारच्या फवारणीपासून सेंद्रिय शेत कसं राखावं?

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात आमची अडीच एकर मध्यम काळी जमीन आहे. सोयाबीनच्या ४ ओळींनंतर तुरीच्या २ ओळी घेतो. दोन वर्षं झाली, रासायनिक काहीही टाकलेलं नाही. एकरी २०० लिटर जीवामृत (आंबवलेलं पातळ खत) देतो : पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. यंदा पाळी घालताना गांडुळं दिसली, आईला हाक मारून दाखवली.

अडचण वरच्या अंगाच्या शेताची. तिथलं तणनाशक वाऱ्यानं आमच्या तुरीवर येतं, पावसाचं पाणीही थेट आमच्यातच उतरतं. शेजारी भले आहेत, मला भांडण नको. पण सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना दोन वर्षांचा संक्रमण काळ (रसायनांशिवाय शेती करून दाखवायचा काळ) धरतात, तो वाया जाईल याची धास्ती वाटते.

फवारा अडवायला बांधावर दाट गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाची झाडं) लावायचा विचार आहे; पाला हिरवळीच्या खतालाही होईल. पण त्याची सावली पिकाला किती बाधते? त्याच्या आत शेवरीची ओळ हवी का? पाणी वळवायला चर बांधाच्या वरच्या बाजूला काढू की आत? फवारा पोचतो त्या कडेच्या किती ओळींचा माल वेगळा ठेवता? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. मृगाआधी काम उरकायचं आहे.