मदत हवी आहे: सुळ्याला इंग्रजीत टस्क की फँग?

पाऊलखुणा:
‘सुळा’ इंग्रजीत कसा लिहायचा? मी फँग लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने गोल करून प्रश्नचिन्ह टाकलं, बाकी एक अक्षर नाही. शब्दकोशात दोन्ही शब्द दिलेत. रात्रीपर्यंत मजकूर द्यायचाय, लवकर सांगा.

दुर्बीण:
प्राणी कुठला?

काना_मात्रा:
हत्ती असेल तर आयव्हरी लिहा. भारदस्त वाटतं.

शिरीषफूल:
नका लिहू! आयव्हरी म्हणजे हस्तिदंत, तो पदार्थ. हत्तीच्या तोंडात असतो तो टस्क.

काना_मात्रा:
बरं, टस्क. पण माझा साधा नियम लक्षात ठेवा, भाषांतरात मला कायम उपयोगी पडलाय. तोंड मिटल्यावरही बाहेर दिसतो तो टस्क, आत राहतो तो फँग.

दुर्बीण:
पाणघोड्यापाशी हा नियम मोडतो. तोंड मिटलं की त्याचे सुळे आत जातात, तरी इंग्रजीत टस्कच. फँग म्हणजे चावा घ्यायचा किंवा विष सोडायचा दात. लांडग्याचा, सापाचा.

जुनी_वही:
नारव्हाल हा देवमासा विसरू नका. त्याचा पिळाचा दात म्हणजे वरच्या जबड्यातला डावा सुळा, ओठ फोडून बाहेर येतो आणि ३ मीटरपर्यंत वाढू शकतो. मध्ययुगात युरोपात तो एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून विकला जायचा. त्यालाही टस्कच म्हणतात.

पाऊलखुणा:
मला नारव्हाल नकोय! रानडुक्कर आहे, नर. कवटीच्या फोटोखालची ओळ आहे: ‘इट्स वन फँग इज ब्रोकन’.

दुर्बीण:
मग टस्क, शंकाच नको. रानडुकराचे खालचे सुळे वरच्यांवर घासून धारदार होतात. फोटोत ती घासलेली बाजू दिसते का बघा, ओळीत घालण्यासारखी आहे.

शिरीषफूल:
गोल फँगभोवती असला तरी ‘इट्स वन’ही चुकलंय. ते ‘त्याचा एक सुळा’ जसंच्या तसं उचललेलं आहे. ‘वन ऑफ इट्स टस्क्स इज ब्रोकन’ लिहा. टस्क्स अनेकवचनी, इज मात्र एकवचनी.

जुनी_वही:
आणि टस्कर म्हणजे सुळेवाला हत्ती.

पाऊलखुणा:
ते कुणी विचारलं? शिरीषफूल, तुटलाय तो खालचा डावा. ‘द लोअर लेफ्ट टस्क इज ब्रोकन’ चालेल?

शिरीषफूल:
चालेल, उलट जास्त नेमकं आहे. पुढे कुठे ‘इट्स’ ठेवलंत, तर ‘त्याचा’ या अर्थाच्या इट्समध्ये ॲपॉस्ट्रॉफी घालू नका.