मदत हवी आहे: टाइल्स न फोडता बाथरूम सुरक्षित कसं करावं? (नेरूळ, सासूबाई वय ८१)

नमस्कार मंडळी,

आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. गेल्या पावसाळ्यापासून सासूबाई दोनदा पडल्या, दोन्ही वेळा पहाटे, बाथरूमच्या दारात. हाड मोडलं नाही हे नशीब, पण माकडहाडाला असा मार बसला की कितीतरी दिवस त्यांना धड बसता येत नव्हतं.

डॉक्टरांनी आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी घेतलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तोल जायचा धोका वाढतो म्हणाले. सासूबाईंचा वरचा आकडा उतरला. बीपीच्या गोळीची वेळ बदलली, झोपेची गोळी हळूहळू कमी करतोय (ती एकदम बंद करायची नसते). उठल्यावर पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडं बसायचं, मग चालायचं, हे त्यांनी मनावर घेतलंय. मुलाची झोप मोडेल म्हणून दिवा न लावता जायच्या, त्यावर आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा बसवला. घरात म्हातारं माणूस असेल तर तो आजच आणा, खरंच.

अडलंय ते बाथरूमपाशी. आतली फरशी बाहेरच्यापेक्षा दोन-अडीच इंच खाली, मध्ये उंबरठा. आंघोळ लाकडी पाटावर बसून. आंघोळ झाली की त्या उठतात त्या टॉवेलच्या दांडीला धरून, आणि मला रोज धसका बसतो, कारण ती दांडी टॉवेलापुरतीच. तिचे स्क्रू आताच ढिले झालेत. दारात येईपर्यंत साडीचा ओला काठ पायात येतो तो वेगळाच. उंच प्लास्टिकचं स्टूल आणलं, तर पाय घसरतात म्हणून त्यांना नको. रबरी बुचाचं, हात टेकायची सोय असलेलं स्टूल कोणी वापरलंय का?

मुख्य प्रश्न आधाराच्या स्टीलच्या दांड्याचा. टाइल्स ठोकून पाहिल्या तर काही ठिकाणी पोकळ वाजतात. प्लंबर म्हणतो साधा प्लग आणि स्क्रू पुरे, हार्डवेअरवाला म्हणतो विटेपर्यंत जाणारा अँकर फास्टनरच हवा. मला दुसरं पटतं, कारण पडताना माणूस पूर्ण वजन टाकतो. पण भोकातून पाणी मुरून खालच्यांच्या छताला ओल आली तर? जुन्या सिडको घरात कोणी हे काम करून घेतलंय का, भोकं कशाने बुजवली? व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे कृपया सुचवू नका, ते कधी सुटतील याचा भरवसा नाही.

फरशीसाठी चिकटपट्ट्या घ्याव्यात की टाइल्स खरखरीत करणारं लिक्विड? पट्ट्यांच्या कडा साबणाने सुटतात असं ऐकलंय. लिक्विड वापरलेल्यांनी सांगा, शेवाळ धरतं का?

आणि काठी. बाहेर घेतात, घरात नाही. "घरात कशाला गं, भिंती आहेत ना" म्हणतात. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम दिलाय, तो मात्र नातवाबरोबर आनंदाने करतात. काठीसाठी तुमच्याकडे काय चाललं?

गवंडी पुढच्या रविवारी येणार आहे, त्याआधी दांड्याबद्दल कळलं तर फार बरं होईल. नेरूळ-सीवूड्स भागात असं काम नीट करणारा कोणी माहीत असेल तर निरोपातून कळवा.