आई आणि अण्णा एकमेकांचा पंप घेतात. हे चालतं का? आणि निळा पंप दिवसाला किती वेळा मारला तर जास्त?

वैशाली_इस्लामपूर:
नमस्कार. माझ्या आईला (वय ६२) लहानपणापासून दमा आहे. अण्णांना (वय ७०) सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार आहे. बिडी त्यांनी सोडली, पण फुप्फुसं आधीच खराब झाली होती. दोघांची औषधं देव्हाऱ्याखालच्या फळीवर एकाच डब्यात असतात.

ऊस तुटायला लागला की आमच्याकडे शेतात पाचट पेटवतात. संध्याकाळी ओट्यावर काळी राख येऊन पडते. त्या दिवसांत आईचा अस्थालिनचा निळा पंप फार वाढतो. हल्ली महिन्याला एक संपतोय. पंप मारला की तिचे हात थरथरतात, कपातला चहा हिंदकळतो, छातीत धडधडतं. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायला फोराकोर्टचा पंपही दिलाय, पण "त्यात स्टेरॉईड आहे, सवय लागेल" असं कुणीतरी सांगितलं आणि तिने तो बाजूला ठेवला.

परवा रात्री तिचा अस्थालिन संपला, तर तिने अण्णांची टायोट्रोपियमची कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढली. बराच वेळ काही फरक पडला नाही. मी माहेरी आले होते म्हणून कळलं, नाहीतर दोघंही काही सांगत नाहीत. अण्णांना प्रोस्टेटचा त्रास आहे, लघवीला हल्ली खूप वेळ लागतो. त्याचा पंपाशी काही संबंध असेल का? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा, मला फार काळजी वाटते.

सिस्टर_मिरज:
वैशालीताई, मी छातीविकाराच्या ओपीडीत परिचारिका आहे. आईंचं आधी सांगते, कारण मला त्यांची जास्त काळजी वाटतेय.

अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल. आवळलेल्या श्वासनळ्या ते पाचेक मिनिटांत सैल करतं आणि त्याचा असर चार ते सहा तास टिकतो. पण दम्यात नळ्या आतून सुजलेल्या असतात. ती सूज या औषधाने तसूभरही कमी होत नाही. त्यामुळे पेशंटला वाटतं बरं वाटलं, आणि आत आजार वाढत राहतो. एका पंपात २०० फवारे असतात. महिन्याला एक पंप म्हणजे रोजचे सहा-सात फवारे झाले. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना, ज्यांना 'जिना' म्हणतात, त्यांत स्पष्ट लिहिलंय की वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागले तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, आणि वर्षाला बारा किंवा जास्त लागले तर जिवाचा. आई त्या बाराच्या रेषेवर आहेत. २०१९ पासून तर नुसत्या साल्ब्युटामॉलवर दम्याचा पेशंट ठेवूच नये असं त्या सूचना सांगतात. हात थरथरणं आणि धडधड त्याचीच आहे. डोस फार झाला तर रक्तातलं पोटॅशियमही उतरतं.

म्हणून फोराकोर्ट बाजूला ठेवायचा नाही. पंपातलं स्टेरॉईड मायक्रोग्रॅममध्ये असतं. अटॅक आल्यावर आम्ही स्टेरॉईडच्या गोळ्या देतो त्या मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कैक पटींनी जास्त. पंप टाळून आई त्या मोठ्या डोसच्याच जवळ चालल्या आहेत. सवय लागत नाही. घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो. फोराकोर्टमधलं फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं, म्हणून काही पेशंटना डॉक्टर दम लागल्यावरही तोच घ्यायला सांगतात. आईंनी तसं करायचं का आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

अण्णांची कॅप्सूल वेगळी. टायोट्रोपियम दिवसातून एकदाच घ्यायचं, ते सावकाश चढतं आणि चोवीस तास टिकतं. दम लागलेल्या माणसाला तिचा तातडीने उपयोग नाही. आणि हो, लघवीचा संबंध असू शकतो. या गटातली औषधं मूत्राशय नीट रिकामं होऊ देत नाहीत, प्रोस्टेट वाढलेली असेल तर जास्तच. कॅप्सूल परस्पर बंद करू नका, पण याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. लघवी पूर्ण अडली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

दोन डबे करा, दोघांची नावं मोठ्या अक्षरात लिहा. पंपाच्या रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलू शकतो.

एक विचारते. आई दुसरी कुठली औषधं घेतात? बीपीची, डोक्याची, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा सांगा.

दुकानदार_कराड:
माझं औषधांचं दुकान आहे. सिस्टर बरोबर सांगतायत. माझी एक भर. आमच्याकडे लोक "दम्याची गोळी द्या" म्हणून डेरिफायलिन मागतात. तिच्यात थिओफिलिन असतं आणि त्याचा उपयोगी डोस आणि घातक डोस यांत अंतर फार थोडं. वर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सुरू झालं की रक्तातलं थिओफिलिन वाढतं. उलट्या, धडधड, फार वाढलं तर झटकेही येतात. बिडी ओढणाऱ्याच्या शरीरातून ते लवकर निघून जातं, म्हणून बिडी सोडल्यावर पूर्वीचाच डोस जास्त होऊ शकतो. अण्णा अशी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

वैशाली_इस्लामपूर:
सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता फ्रिज उघडून बघितला. आईला दसऱ्याच्या सुमारास काचबिंदू निघाला, तेव्हापासून डोळ्यांत थेंब घालते. बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दम्याचं विचारलं होतं का, तर आई म्हणते आठवत नाही. अण्णांची डेरिफायलिनही सापडली, चिठ्ठीशिवाय आणलेली.

सिस्टर_मिरज:
ताई, हे आजच हाताळा. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे. साल्ब्युटामॉल ज्या जागी जाऊन नळी उघडतं, ती जागाच हे अडवून धरतं. थेंब डोळ्यात घातला तरी नाकाच्या मागून रक्तात जातो, आणि दम्याच्या पेशंटला तेवढ्याने अटॅक येऊ शकतो. दम्यात हा थेंब द्यायचा नसतो. पण काचबिंदूचं औषध नुसतं बंद करून बसलं तर नजर जाते. म्हणून आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, दमा आहे असं सांगा आणि दुसरा थेंब मागा. तोपर्यंत काय करायचं तेही त्यांनाच विचारा.

आणखी एक, कधी वाफेचं मशीन (नेब्युलायझर) लावायची वेळ आली तर. त्यात घालतात त्या ड्युओलिन औषधात इप्राट्रोपियम असतं. मास्क सैल असेल तर वाफ डोळ्यांत जाते आणि काचबिंदूच्या काही पेशंटमध्ये दाब एकदम चढतो. मास्कऐवजी तोंडात धरायची नळी मागा आणि आईला काचबिंदू आहे हे आधी सांगा.

घरी ही खूण लक्षात ठेवा: एका श्वासात पूर्ण वाक्य बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसतायत, किंवा पंप घेऊनही तासाभरात पुन्हा दम लागतोय. यातलं एकही दिसलं की गाडी काढायची. वाटेत अस्थालिन स्पेसरमधून (पंपाला लावायच्या प्लास्टिकच्या पोकळ नळकांड्यातून) द्यायचा, एका वेळी एकच फवारा, मग चार-पाच श्वास, मग पुढचा. आमच्याकडे अटॅकमध्ये चार ते दहा फवारे असे देतात आणि पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी तेच पुन्हा. धडधडेल म्हणून अशा वेळी हात आखडू नका.

अनिकेत_ऑकलंड:
मी न्यूझीलंडमध्ये असतो, मुलीला दमा आहे. इथे १९७६ नंतर दम्याच्या मृत्यूंची लाट आली होती. झटपट दम मोकळा करणारं फेनोटेरॉल नावाचं औषध होतं, त्याचा संबंध १९८९ च्या अभ्यासात दिसला. त्याचा वापर कमी केला आणि मृत्यूही घटले. आता इथे मोठ्यांना पहिली पसंती ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलच्या एकत्र पंपाला आहे, म्हणजे तुमच्या आईंचा बाजूला ठेवलेला फोराकोर्ट. आईंना हे सांगून बघा.

वैशाली_इस्लामपूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. थेंब बदलून मिळाला. छातीच्या डॉक्टरांना दोघांनाही दाखवलं. अण्णांची डेरिफायलिन बंद केली आणि प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी सांगितली. आई फोराकोर्ट घेतेय, अजून कुरकुरते, पण घेतेय. स्पेसर दिलाय. तो कसा वापरायचा आणि धुवायचा कसा?

सिस्टर_मिरज:
फार बरं केलंत. आईंना समोर बसवून एकदा घ्यायला लावा. तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरा धूर बाहेर येताना दिसला तर औषध छातीत जात नाहीये. पंप चांगला हलवून स्पेसरला लावायचा, पूर्ण श्वास सोडायचा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, फवारा मारून सावकाश आत ओढायचा, आणि दहा सेकंद, जमेल तेवढा, रोखायचा. अण्णांच्या कॅप्सूलला उलट, जोरात आणि खोल ओढायचं.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात, थोड्या साबणात हलवून काढा आणि तसाच निथळत वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. पंप किती उरलाय हे बघायला पाण्यात तरंगवू नका, त्याने काही कळत नाही. काउंटर असेल तर आकडा बघा, नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर पेनने लिहा. अस्थालिनवर तर नक्कीच लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, हा किती दिवस पुरला, की तारीख समोर ठेवता येईल.