जुळ्या घरांची सामाईक भिंत : बोलणे ऐकू येत नाही, पण बटणाचा आवाज येतो

प्रश्न (नवे_घर)

आम्ही अलीकडेच नव्याने बांधलेल्या जुळ्या बंगल्यांपैकी एकात राहायला आलो आहोत. दोन्ही घरांमध्ये एकच सामाईक भिंत आहे. शेजाऱ्यांचे बोलणे आम्हाला जवळजवळ ऐकू येत नाही. मात्र त्यांच्याकडे कोणी जिना उतरले, कपाटाचे दार लावले किंवा भिंतीवरचे दिव्याचे बटण दाबले, तरी तो आवाज आमच्या झोपण्याच्या खोलीत स्पष्ट येतो. रात्री त्यांच्या टीव्हीचे शब्द कळत नाहीत, पण संगीताचा खर्ज मात्र जाणवत राहतो. भिंत आराखड्याप्रमाणेच आहे, असे बांधकाम व्यावसायिकाचे म्हणणे आहे, तर एका कारागिराने आमच्या बाजूने फोमचे तक्ते चिकटवण्याचा सल्ला दिला आहे. त्याचा उपयोग होईल का? शेजारची माणसे सज्जन आहेत आणि ती गोंगाट करतात असे मला मुळीच म्हणायचे नाही.

उत्तर (ध्वनी_अभियंता)

बोलणे ऐकू येत नाही आणि बटणाचा आवाज येतो, ही आपली नोंद निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. बोलण्याचा आवाज हवेतून भिंतीपर्यंत येतो आणि भिंत पुरेशी जड असेल, तर तो तिथेच बराचसा अडतो. बटण, जिना आणि कपाट यांचा आघात मात्र थेट बांधकामातच शिरतो आणि भिंत, स्लॅब व बीम यांतून फारसा क्षीण न होता दूरवर पोहोचतो. त्यामुळे आपली भिंत फार पातळ आहे असे मला वाटत नाही. शेजाऱ्यांचा जिना आणि त्यांची कपाटे सामाईक भिंतीतच पक्की बसवलेली असावीत, ही शक्यता मला अधिक वाटते.

फोमच्या तक्त्यांवर पैसे खर्च करू नयेत. हलका, सच्छिद्र फोम खोलीतल्या खोलीत आवाजाचा घुमारा कमी करतो. पलीकडून येणारा आवाज अडवण्यासाठी वजन लागते, आणि ते त्याच्यात नाही. भिंतीचे दर चौरस मीटर वजन दुप्पट केले, तर रोध, म्हणजे भिंत आवाज अडवण्याची क्षमता, साधारण ५ ते ६ डेसिबलने वाढतो, आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलचा फरक पडावा लागतो. २३० मिलिमीटरच्या विटांच्या भिंतीचे वजन, प्लास्टर सोडून, दर चौरस मीटरला ४०० किलोच्या पुढे जाते. २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या (हवेची बारीक छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीचे वजन मात्र १२० किलोच्या आसपासच राहते. हे ब्लॉक उष्णता चांगली अडवतात, म्हणून ते आवाजही तितकाच अडवतील, असा समज खूप पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

उत्तर (जुना_गवंडी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण भिंतीतील फटीही तपासाव्यात. दोन्ही घरांचे स्वीच बोर्ड एकाच जागी पाठीला पाठ लावून बसवले असतील, तर त्या ठिकाणी भिंत जवळजवळ नाहीशीच झालेली असते. भिंत छतापर्यंत पूर्ण गेली आहे का, की छताखालच्या पोकळीत ती अर्धवट सोडलेली आहे, हेही पाहावे. एकूण क्षेत्रफळाच्या केवळ १ टक्का भाग उघडा राहिला, तरी कितीही जाड भिंतीचा रोध २० डेसिबलच्या आसपास घसरतो. अशा फटी भरणे हे सर्वांत स्वस्त काम आहे, आणि तेच शेवटी आठवते.

प्रश्नकर्ता (नवे_घर)

दोघांचेही आभार. शेजाऱ्यांच्या संमतीने आम्ही तपासून पाहिले. जिना खरोखरच सामाईक भिंतीला धरून आहे. स्वीच बोर्ड समोरासमोर नाहीत, तरी बटणाचा आवाज येतोच. आमच्या बाजूने जिप्सम बोर्डची वेगळी भिंत उभारली, तर कितपत फरक पडेल?

उत्तर (ध्वनी_अभियंता)

फरक पडेल, पण ती भिंत कशी उभारली जाते यावर सर्व काही अवलंबून आहे. अनेक ठिकाणी मूळ भिंतीवर पट्ट्या ठोकून, २० मिलिमीटरची पोकळी सोडून, त्यावर एकच बोर्ड बसवतात. बंदिस्त हवा स्प्रिंगसारखी वागते आणि बोर्ड तिच्यावरचे वजन ठरतो. या जोडीचे अनुनादन, म्हणजे ज्या स्वराला ती आपोआप जोराने थरथरते तो स्वर, या मापांत साधारण १३० हर्ट्झला येते; म्हणजे आपल्याला त्रास देणारा टीव्हीचा खर्ज कमी न होता उलट वाढू शकतो. त्याऐवजी मूळ भिंतीला कुठेही न टेकणारी स्वतंत्र चौकट उभारावी, मध्ये किमान ७५ मिलिमीटर अंतर ठेवून त्यात रॉकवूल (दगडापासून बनवलेला लोकरीसारखा तंतू) भरावे आणि बोर्डचे दोन थर लावावेत. अनुनादन मग ५० हर्ट्झपर्यंत खाली उतरते. खोली तेवढी अरुंद होईल, हे आधीच मान्य करावे.

तरीही जिन्याचा आवाज पूर्ण थांबणार नाही, कारण तो स्लॅबमधून आपल्या इतर भिंतींतही शिरतो. आघाताचा आवाज जिथे उत्पन्न होतो तिथेच आवरणे श्रेयस्कर असते. पायऱ्यांवर जाड गालिचा, कपाटांच्या दारांना रबरी बफर आणि भिंतीवर टांगलेला टीव्ही तेथून काढून रबरी पायांच्या टेबलावर ठेवणे, एवढे शेजाऱ्यांनी केले, तर माझ्या मते आपल्या महागड्या भिंतीपेक्षा त्याचा लाभ अधिक होईल. तो खर्च आपण उचलण्याची तयारी दाखवावी.

उत्तर (भिंतीपलीकडे)

शेजाऱ्यांशी बोलताना त्यांना आपल्या खोलीत बसवावे आणि त्यांच्याच घरातील कोणाला तरी जिना उतरायला सांगावे. आपला आवाज पलीकडे कसा पोहोचतो, हे बहुतेकांनी कधी ऐकलेलेच नसते. नव्या घरांच्या खिडक्या घट्ट बसतात, रस्त्याचा आवाज आत येत नाही, आणि त्या शांततेत शेजारचे बारीकसे खुट्ट झालेलेही उठून ऐकू येते. म्हणून त्यांनाही आपला आवाज येतच असणार, तेही विचारून घ्यावे.

उत्तर (जुना_गवंडी)

बांधकाम व्यावसायिकाकडे तक्रार करायची असेल, तर ती करारातील दोषनिवारणाच्या मुदतीत आणि लेखी करावी. आयएसओ १६२८३ या, इमारतींतील ध्वनिरोध मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्यक्ष जागेवर मोजणी करून घ्यावी. त्या मानकात हवेतून येणाऱ्या आणि आघाताच्या आवाजाच्या चाचण्या वेगवेगळ्या आहेत, आणि आपल्याला दुसरीची अधिक गरज आहे. मोबाइलवरील ॲपचे आकडे तक्रारीला जोडू नयेत. आणि नवी भिंत उभारण्याआधीच ही मोजणी करावी, कारण नंतर मूळ बांधकामाची स्थिती दाखवता येणार नाही.