ब्लेरिओ ११ चं मॉडेल : पंख खाली का दुमडला?

बर्डीकर : नमस्कार मंडळी, चार महिन्यांपासून ब्लेरिओ ११ चं, म्हणजे फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओच्या १९०९ च्या विमानाचं, आरसी (रिमोटवर उडणारं) मॉडेल बनवून राहिलो, हलकं बाल्सा लाकूड आणि बांबूच्या कामट्या, खऱ्यासारखंच, म्हणजे ऐलेरॉन (पंखाच्या कडेच्या हलत्या झडपा) नाहीत, सर्वो (छोटी मोटर) पंखाची मागची कड पिळतो. रविवारी मस्त उडालं पण उंचावरून नाक खाली दाबलं आणि डावा पंख तुटला, तोही वर नाही तर खाली दुमडून! पंखाला खालून ओढून धरणाऱ्या तारा स्टीलच्या होत्या. वर साधा दोरा लावला, कारण वरच्या तारा जमिनीवर पंख लटकू नये म्हणूनच असतात ना? चुकलं कुठं?

महालवाला : भाऊ, दोऱ्यातच चुकलं. सरळ उडताना हवा पंख वर उचलते, ताण खालच्या तारांवर येतो, बरोबर. पण नाक झटक्यात खाली दाबलं की हवा पंखाला वरून दाबते आणि सगळा भार वरच्या तारांवर. तुम्ही जे समजला तेच तेव्हाचे लोकही समजत होते आणि त्यात पायलट गेले. १९१२ मध्ये खुद्द ब्लेरिओनंच फ्रेंच सैन्याला कळवलं की वरच्या तारा कमजोर आहेत, त्या मजबूत करा, आणि सैन्यानं काही काळ मोनोप्लेन (एकाच पंखजोडीची विमानं) उडवणंच थांबवलं. स्वतःच्या विमानातला दोष स्वतः सांगायचा, विकत असताना! मला तर इंग्लिश खाडी ओलांडण्यापेक्षा हे मोठं वाटते.

इतवारी_पतंग : वर पण स्टीलच टाका. पंखातल्या पुढच्या दांडीच्या तारा फिक्स ठेवा, मागच्या मात्र वरच्या पुलीवरून मोकळ्या फिरू द्या, नाहीतर पंख पिळणारच नाही. दोन्हीकडचा ताण सारखा पाहा, कन्नी एकीकडं ढिली राहिली की पतंग कशी एकाच बाजूला गोते खाते, तसंच होते.

महालवाला : आणि एक, खचू नका. ११ हा आकडा उगाच नाही, त्याच्या आधीची कितीतरी आपटली. मोटारीचे हेडलाइट विकून कमावलेला पैसा ब्लेरिओनं यातच घातला. ११ पण जानेवारी १९०९ मध्ये आरईपी इंजिनवर उडालं, मग ते काढून तीन सिलिंडरचं २५ हॉर्सपॉवरचं अंझानी बसवलं, तेव्हा कुठं २५ जुलैला खाडी ओलांडून फ्रान्समधल्या कॅलेहून इंग्लंडमधलं डोव्हर गाठलं, सदतीसेक मिनिटांत.

बर्डीकर : समजलं आता. उजवा पंख शाबूत आहे, पण त्याचाही दोरा आज काढतो. मागच्या तारेला पुली किती मिलिमीटरची लावू?